काठी पडली त्याआधी

पाठ मॅटवर आदळली तरी मी डोळे उघडले नाहीत. उंच उडीत काठी पडली तर ती आधी कानांना कळते. खांबाच्या टेकणीवरून सुटताना बारीक टक् होतं आणि मग मॅटवर धप्प. मी श्वास रोखून ऐकत पडून राहिले. टक् आलं नाही. डोळे उघडले, तर वर भगभगीत आभाळ होतं आणि त्या आभाळात दोन खांबांवर आडवी टेकलेली पिवळी-काळी काठी, ढिम्म.

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. आमच्या संघातली झरीनाताई सांगते की अशी किंकाळी फोडली, की पलीकडे भाला उचललेला एक पोरगा पळता पळता थांबला. मी उठले, मॅटवरून खाली उडी टाकली आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन टाळ्या पिटल्या. एक मीटर चौऱ्याहत्तर! एवढ्या उंचीवरून मी आयुष्यात कधी गेले नव्हते. तिसरा, शेवटचा प्रयत्न होता आणि मी गेले होते.

तेवढ्यात वारा आला.

ते मैदान समुद्राला लागून होतं. श्रीलंकेतलं त्रिंकोमाली. सकाळपासून वारा मध्येच यायचा, मध्येच बसायचा. आता आला तो एकदम, कडेच्या नारळांना एका अंगाला झुकवत. छातीवरचा नंबराचा कागद फडफडला. पाठीमागे टक् झालं. मग धप्प.

मी वळले. काठी मॅटवर लोळत होती.

आमच्या उडीचे पंच हाडकुळे, वयस्कर गृहस्थ होते. त्याच वाऱ्यानं त्यांची हॅट उडवली होती आणि ते तिच्यामागे चार पावलं पळाले होते. हॅट दाबून धरत ते परत आले, पडलेल्या काठीकडे पाहिलं, आणि खुर्चीपाशी ठेवलेल्या दोन निशाणांतलं लाल उचललं.

लाल म्हणजे उडी बाद.

"सर! न्हाई सर!" मी मराठीतच बोंब ठोकली आणि त्यांच्याकडे धावले. हातवारे केले. वारा दाखवला, काठी दाखवली, नारळ दाखवले. ते शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी मला इंग्रजीत काहीतरी विचारलं. भराभर बोलले. त्यातला एकच शब्द माझ्या कानाला ओळखीचा लागला. क्लिअर.

हा शब्द मला येत होता. आमच्याकडे रस्ता क्लिअर असतो, डोकं क्लिअर नसतं, आणि भांडण झालं की माणसं म्हणतात, काय ते एकदा क्लिअर करून टाका. मला वाटलं, ते विचारताहेत की तुला कळलं का, मी लाल का दाखवलं ते.

"नो सर!" मी जीव तोडून सांगितलं. "नॉट क्लिअर! नॉट क्लिअर!"

त्यांनी मान हलवली. चेहरा थोडा दुःखीच झाला त्यांचा. माझ्या खांद्यावर थोपटलं आणि आपल्या जागी जाऊन बसले.

मी तेव्हा अठरा वर्षांची होते. माण तालुक्यातल्या दहिवडीजवळच्या वाडीवरची, संजीवनी काळेल. शाळेच्या मागच्या रानात दोन बांबू रोवून आणि चिंध्यांनी भरलेल्या पोत्यांवर पाठ टाकून मी उडी शिकले. विमानात बसण्याची ती पहिलीच वेळ. सात देशांतल्या पोरापोरींची निमंत्रितांची स्पर्धा होती, आणि उंच उडीत शेवटी दोघीच उरलो होतो. मी आणि यजमानांची दिनुशी. ती माझ्याएवढीच, माझ्यापेक्षा उंच, दोन वेण्या डोक्याभोवती घट्ट गुंडाळलेली. तिचे चौऱ्याहत्तरचे तिन्ही प्रयत्न चुकले होते. माझी उडी धरली तर सोनं माझं. नाही धरली तर दोघी एकाच उंचीवर थांबलो असं होणार, आणि आधीच्या उंच्यांवर तिच्या चुका कमी, म्हणून सोनं तिचं. शिवाय जी जिंकेल तिला वर्षभराच्या सरावशिबिरात घ्यायचं, असं आमच्या संघाचं ठरलेलं. दुसरी आलेली घरी जाणार होती. घरी गेल्यावर काय, ते मला कोणी सांगायची गरज नव्हती. बारावीत इंग्रजीत नापास झालेली पोरगी घरी काय करते?

झरीनाताई कठड्यावरून उडी मारून आली. झरीना मुल्ला, मिरजेची, चारशे मीटर धावायची. माझ्याहून तीन वर्षांनी मोठी आणि कॉलेजात इंग्रजीच घेतलेली. संपूर्ण संघात मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच, म्हणून एका खोलीत होतो.

"मी बघितलं! वरून बघितलं, तू खाली उतरली होतीस!" ती धापा टाकत म्हणाली. "मग लाल का दाखवलं? काय विचारलं त्यांनी तुला?"

"क्लिअर का म्हणून इचारलं."

"आणि तू?"

"म्हणलं, न्हाई. नॉट क्लिअर. मला काय कळंना झालंय म्हणून."

झरीनाताईनं कपाळावर हात मारून घेतला. खरंच मारून घेतला, चट् आवाज आला.

"अगं बये! त्यांनी विचारलं, तू काठी क्लिअर केलीस का? क्लिअर करणं म्हणजे न शिवता पार होणं! आणि तू स्वतःच्या तोंडानं सांगितलंस, नाही केली म्हणून!"

मी तिथेच गवतावर बसले.

"बसू नको!" तिनं मला दंडाला धरून उठवलं. "ऊठ. तक्रार करता येते. अर्धा तास असतो. घोषाल सर कुठायत?"

घोषाल सर आमचे प्रशिक्षक. ते लांब उडीच्या खड्ड्याजवळ होते, त्यांनी काहीच पाहिलं नव्हतं. सगळं ऐकून घेतल्यावर ते हिंदीत म्हणाले, "पंचाला तिनं स्वतः सांगितलंय. आता मी कुठल्या तोंडानं भांडू? चांदीचं पदक काय वाईट आहे?"

"सर, नियम आहे," झरीनाताई त्यांच्या वाटेत उभीच राहिली. "खेळाडू काठीला न लागता पार झाला असेल, आणि मग वाऱ्यानं काठी पडली, तर उडी धरतात. आहे का नाही नियम?"

"आहे. पण आधी पार झाली होती हे सिद्ध कोण करणार?"

"ती करेल."

"ही?" सरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत वाईटपणा नव्हता. मी त्यांच्या जागी असते तर तसंच पाहिलं असतं. पण ते गेले, तक्रार दिली, आणि थोड्या वेळानं येऊन सांगितलं की प्रेक्षकांच्या सज्जाखालच्या खोलीत तिघांची समिती बसते आहे, आणि समितीला खेळाडूच्याच तोंडून ऐकायचं आहे. मराठीतून सांगणारा कोणी त्यांच्याकडे नव्हता. आपल्या संघातलं कोणी दुभाषी चालणार नव्हतं. मोडकंतोडकं चालेल, पण तिचं स्वतःचं हवं.

त्या खोलीबाहेर एक अरुंद बोळ होता. तिथे झरीनाताईनं मला भिंतीला टेकवून उभं केलं आणि माझे दोन्ही खांदे धरले.

"मराठीत सांग. काय झालं?"

"म्या उडी मारली. पार झाले. उठले. टाळ्या वाजवल्या. मग वारं आलं आन् काठी पडली."

"शाबास. आता एका वाक्यात. काठी पडली तेव्हा..."

"काठी पडली तवा म्या पार झाले."

"झाले? का झाले होते?"

"त्येच की."

"तेच नाही!" ती जवळजवळ ओरडली. बोळातनं जाणारा एक शिपाई दचकून बघायला लागला. "ऐक. तू लग्नाला गेलीस. मी तुला विचारलं, काय गं, कसं झालं लग्न? तू म्हणालीस, मी गेले तेव्हा जेवणं झाली. म्हणजे तू जेवलीस का?"

"व्हय. म्या गेले, मग झाली जेवणं. जेवले असंन की."

"आणि तू म्हणालीस, मी गेले तेव्हा जेवणं झाली होती?"

मी विचार केला. "मंग उपाशी."

"उपाशी!" तिनं मला गदागदा हलवलं. "बास, एवढंच आहे बघ. दोन गोष्टी घडल्या. जी आधी उरकून गेली, तिला आपण 'होती' लावतो. ते लोक 'हॅड' लावतात. काठी पडली, ही नंतरची. तिला काही लावायचं नाही. नुसतं फेल, म्हणजे पडली. पार झाले होते, ही आधीची. हॅड क्लिअर्ड. म्हण."

"हॅड किलर."

"क्लिअर्ड. शेवटी ड."

"हॅड क्लिअर्ड."

"व्हेन द बार फेल, आय हॅड क्लिअर्ड द बार."

मी म्हटलं. परत म्हटलं. इथं येण्याआधीच्या शिबिरात रोज संध्याकाळी ती मला बारावीच्या ऑक्टोबरच्या फेरपरीक्षेसाठी हेच सगळं शिकवायची आणि मी जांभया द्यायचे. हॅड गॉन, हॅड ईटन, कोण जाणे कोणाचं जेवण आणि कोण गेलं. आज पहिल्यांदा त्या हॅडच्या पलीकडं मला माझी स्वतःची उडी दिसत होती. मी तिसऱ्यांदा म्हटलं, तर तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला.

"आता बोलू नको. सांडेल."

"आन् त्ये नॉट क्लिअरचं काय सांगू?"

"ते तूच निस्तर," ती म्हणाली. "मला नाही सुचत."

खोलीत पंखा घरघरत होता. टेबलामागे तिघं बसले होते. मधोमध गुणरत्ने मॅडम, पांढरे केस, फिकट निळी साडी, डोळ्यांवर जाड चष्मा. दोन्ही बाजूंना दोन पुरुष, दोन वेगळ्या देशांचे. एका कडेला हॅट मांडीवर घेऊन पंच. दुसऱ्या कडेला दिनुशी आणि तिचा प्रशिक्षक, तांबूस मिशांचा धिप्पाड माणूस. दिनुशी मान खाली घालून नखांकडे बघत होती. घोषाल सर माझ्या मागे उभे होते. झरीनाताईला आत घेतलं नाही. दार मात्र नीट लागत नव्हतं, आणि त्या फटीत तिचा एक डोळा मला दिसत होता.

पंचांनी आपलं सांगितलं. मला अर्धंमुर्धं समजलं. पण शेवटी "शी सेड, नॉट क्लिअर" हे शब्द अगदी लख्ख ऐकू आले.

गुणरत्ने मॅडम माझ्याकडे वळल्या. त्या सावकाश बोलायच्या, एकेक शब्द वेगळा. "तू असं म्हणालीस?"

खोटं बोलणं शक्य नव्हतं. "येस मॅडम."

उजवीकडच्या माणसानं खुर्चीत मागे रेलत पेनाचं टोपण लावलं. झालं, असं त्याला वाटलं असणार.

"बट मॅडम!" माझा आवाज इतका मोठा निघाला की मीच दचकले. मी माझ्या डोक्यावर टकटक केलं. "हेड! माय हेड, नॉट क्लिअर. सर आस्क, आय नो अंडरस्टँड. हेड नॉट क्लिअर." मग हात उंच करून हवेत आडवी काठी ओढली. "बार, क्लिअर! हेड, नॉट क्लिअर!"

डावीकडचा माणूस हसू दाबत खोकला. पंचांनी हॅटवरून नजर उचलली आणि माझ्याकडे पाहिलं. मॅडम हसल्या नाहीत.

"मला क्रमानं सांग," त्या म्हणाल्या. "काठी पडली, तेव्हा तू काय करत होतीस?"

मी तोंड उघडलं. "व्हेन द बार फेल, आय क्लिअर..."

आणि सगळं गेलं. पाटी कोरी. पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत राहिली. मॅडमच्या कपाळावर बारीक आठी पडली. त्यांनी विचारलं, "काठी पडली तेव्हा तू पार होत होतीस? एकाच वेळी?"

"नो, नो!" आधीचं कुठलं, नंतरचं कुठलं, सगळा गुंता. आणि मला एकदम ते लग्न दिसलं. मांडव, उचललेल्या पत्रावळ्या, आणि त्यात उभी असलेली मी. उपाशी.

"आय हॅड!" मी ओरडले. "व्हेन द बार फेल, आय हॅड क्लिअर्ड द बार! आय हॅड स्टूड अप! आय हॅड कम डाऊन! आय हॅड..." टाळ्या वाजवल्या होत्या, याला काय म्हणतात ते मला येत नव्हतं. मी दोन्ही हात डोक्यावर नेले आणि त्या एवढ्याशा खोलीत टाळ्या पिटल्या, मघाशी मैदानावर पिटल्या होत्या तशाच. "देन विंड केम! देन बार फेल!"

"तू काठीला शिवली होतीस का?"

"नो मॅडम. आय हॅड नॉट टच."

"टच्ड!" दाराच्या फटीतून आवाज आला.

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. तो डोळा नाहीसा झाला.

मॅडमनी पंचांना विचारलं, काठी पडताना तुम्ही पाहिली का? पंच उभे राहिले. हॅट दोन्ही हातांत फिरवत त्यांनी सरळ सांगितलं की नाही. हॅट उडाली म्हणून मी वळलो होतो. परत पाहिलं तेव्हा काठी खाली होती. म्हणून मी हिला विचारलं, आणि ही नाही म्हणाली. आता वाटतं, आम्हा दोघांचं एकमेकांना कळलं नसावं. आवाजात कुरकुर नव्हती. खाली बसताना त्यांनी माझ्याकडे बघून जराशी मान झुकवली.

पण उजवीकडच्या माणसाचं समाधान झालं नव्हतं. पेन नाचवत तो म्हणाला की जिला सोनं मिळणार तिच्या एकटीच्या शब्दावर कसं ठरवायचं? सज्जातल्या भारतीय मुलीचा शब्द धरता येत नाही. कॅमेरे सगळे धावण्याच्या शर्यतीच्या शेवटच्या रेषेवर. दुसरं कोणी पाहिलंय?

घोषाल सर हे सगळं माझ्या कानात हिंदीत पुटपुटत होते. मला कळून चुकलं की मी जेवढं करू शकत होते तेवढं केलं होतं, आणि ते पुरेसं नव्हतं.

मग गुणरत्ने मॅडमनी चष्मा काढला आणि मान वळवून दिनुशीकडे पाहिलं.

तिचा प्रशिक्षक ताडकन उठला. काय बोलला ते समजलं नाही, सिंहलीत होतं, पण कोणत्याही भाषेत कळेल असं होतं. मॅडमनी एक बोट वर केलं. तो बसला. मग त्यांनी दिनुशीला सिंहलीतच काहीतरी विचारलं. छोटंसं, एका ओळीचं.

दिनुशी नखांकडे बघत राहिली. मी तिच्याकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, ही कशाला सांगेल? मी सांगितलं असतं का? खरंच सांगते, मला माहीत नव्हतं. आजही नाही.

ती बोलायला लागली. हळू, खालच्या मानेनं. एकदा थांबली, परत बोलली. तिच्या प्रशिक्षकानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. तिनं मात्र त्याच्याकडे पाहिलंच नाही. बोलणं संपलं तेव्हा मान वर करून तिनं थेट माझ्याकडे पाहिलं. डोळे लाल झालेले होते. आता मला दिसलं, ते मघापासूनच लाल होते.

मॅडमनी चष्मा पुन्हा घातला. बाकीच्या दोघांसाठी इंग्रजीत सांगायला लागल्या, सावकाश, जसं त्या सगळंच सांगायच्या तसं.

"शी सेज, व्हेन द बार फेल, आय हॅड ऑलरेडी स्टार्टेड क्राइंग."

मला ते वाक्य कळलं.

अख्खं कळलं, एका दमात, मध्ये मराठी न आणता. काठी पडली तेव्हा ती रडायला लागली होती. आधीच. काठी वर होती म्हणून. मी जिंकले होते म्हणून.

पुढचं मॅडमनी भराभर सांगितलं, ते मला नंतर घोषाल सरांनी समजावलं. दिनुशी मॅटच्या समोर उभी होती. मी हवेत असल्यापासून तिची नजर काठीवरच होती. पड, पड, असं ती मनात म्हणत होती. काठी हललीसुद्धा नाही. मी उठले, खाली उतरले, टाळ्या वाजवल्या, आणि तिनं तोंड फिरवून ओढणीत... नाही, ओढणी कुठली, अंगातल्या बनियनच्या कडेनं डोळे पुसायला घेतले. तेवढ्यात लोकांचा ओरडा झाला. तिनं वळून पाहिलं तर काठी खाली आणि लाल निशाण वर. सगळे तिला मिठ्या मारायला धावले.

उजवीकडच्या माणसानं पेनाचं टोपण पुन्हा काढलं. तिघांनी डोकी जवळ आणली. फार वेळ लागला नाही.

निकाल सांगितला तेव्हा घोषाल सरांनी मला उचललंच. दारातून झरीनाताई घुसली आणि गुणरत्ने मॅडमच्या पाया पडायला गेली. त्या घाबरून मागे सरकल्या. मी कोणाला काय म्हणाले, काही आठवत नाही. एवढं आठवतं की पंच सगळ्यांच्या आधी उठून बाहेर गेले. आम्ही बोळातून मैदानावर आलो तेव्हा ते रिकाम्या मॅटपाशी उभे होते, डोक्यावर हॅट नव्हती, आणि त्यांनी पांढरं निशाण जितकं उंच धरता येईल तितकं धरलं होतं. लाऊडस्पीकरवर माझं नाव वाकडंतिकडं ऐकू आलं. आधी थोड्याच टाळ्या आल्या. यजमानांची माणसं ती, त्यांना काय कळेना. मग कोणीतरी काहीतरी सांगितलं असावं. सज्जाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत टाळ्या पेटत गेल्या.

पंचांनी मला विचारलं, पुढची उंची लावू का? यावेळी सावकाश, आणि हातानं वर दाखवत. जिंकलेल्या खेळाडूला पुढे जाता येतं.

"बास आता," घोषाल सर म्हणाले. "सोनं मिळालं. घरी चल."

"येस सर, क्लिअर!" मी पंचांना म्हणाले, आणि ते खो खो हसले.

एक मीटर सत्त्याहत्तर लावली. अंगात नुसती वीज होती. मला वाटत होतं मी नारळावरूनही जाईन. तिन्ही वेळा काठी पडली, आणि तिन्ही वेळा ती माझ्यामुळेच पडली, वाऱ्याचा काही संबंध नव्हता. तिसऱ्यांदा तर मी काठीसकट खांबाला आडवी झाले आणि झरीनाताई हसून हसून खाली बसली. पुढं मी ती उंची पार केली, तिच्यावरचीही केली. शिबिर झालं, नोकरी लागली, आता सातारच्या मैदानावर मी पोरींना उडी शिकवते. पण त्या दिवसासारखी हातापायांत वीज घेऊन मी पुन्हा कधी पडले नाही.

पदकं दिल्यावर मैदान रिकामं व्हायला लागलं. दिनुशी एकटीच बाकावर बसून बूट सोडत होती. तिचा प्रशिक्षक लांब उभा होता, पाठ करून. मी जाऊन तिच्या शेजारी बसले. काहीतरी बोलायला हवं होतं. थँक्यू येत होतं, पण ते कोणीही कोणालाही म्हणतं, दुकानातसुद्धा. दुसरं वाक्य जुळवायला गेले तर एकही जमेना. आम्ही दोघी समुद्राकडे बघत बसलो.

बऱ्याच वेळानं तिनं मला कोपरानं ढोसलं. डावा तळहात आडवा धरला. त्याच्याकडे बोट करून म्हणाली, "बार." मग उजवा हात त्याच्यावरून पाठीसारखा वळवत नेला. माझ्याकडे बोट केलं. "यू."

आणि मधे किती जागा राहिली ते तिनं डाव्या तळहातावर उजव्या हाताची बोटं रचून दाखवलं. चार बोटं, एकाला एक चिकटलेली.

उडी मारणारीला आपली उडी कधी दिसत नाही. पाठ काठीकडे असते, डोळे आभाळाकडे. आपण काठीच्या किती वरून गेलो ते बघणाऱ्यालाच माहीत. आणि त्या वेळी, त्या काठीकडे, मैदानावरच्या सगळ्या माणसांत, तिच्याइतकं टक लावून कोणीच बघत नव्हतं.

चार बोटं! मी मान हलवली. एवढं शक्यच नव्हतं. मी हात पुढे केला आणि तिचं एक बोट खाली मुडपलं.

दिनुशीनं भुवया आक्रसून माझ्याकडे पाहिलं, चांगलीच चिडून, आणि ते बोट पुन्हा ताठ केलं.